खंडेनवमीनंतर तुटलेले टॅप

मित्रांनो, मी जालन्याच्या एमआयडीसीतली, प्रोग्रॅमवर चालून लोखंड कापणारी एक जुनी सीएनसी मिलिंग मशीन आहे. माझ्या दाराची काच, कापताना गारव्यासाठी सोडतात त्या कुलंटच्या डागांनी धुरकट झाली आहे, दार सरकवलं की कुरकुरतं आणि सकाळी अंग मोकळं व्हायला बराच वेळ लागतो. खरं सांगायचं तर मी थकले आहे. तरी कोणी हिरवं बटन दाबलं की उठते. न उठून तक्रार करणार कोणाकडे?

माझा जन्म बंगळुरूकडच्या एका कारखान्यातला. ताडपत्रीखाली बसून ट्रकमधून आले, ती थेट आमचे मालक काकासाहेब यांच्या शेडमध्ये. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. जालन्यात बियाण्यांचा धंदा मोठा, त्यामुळे बियाणं साफ करायच्या यंत्रांच्या गिअरपेट्या आमच्याकडे सतत यायच्या. पाहुणे आले की काकासाहेब त्यांना आधी माझ्यापाशी आणत आणि मग चहाचं विचारत. पुढे शेजारी नवी मशीन आली, पाहुणे तिच्याकडे वळले आणि माझ्या डोक्यावर लोकांनी जेवणाचे डबे ठेवायला सुरुवात केली. चालायचंच.

माझं सगळ्यात नाजूक काम म्हणजे टॅपिंग. बोल्ट घट्ट बसावा म्हणून भोकाच्या आत गोल फिरत जाणाऱ्या खाचा असतात, त्यांना आटे म्हणतात. ते पाडणाऱ्या हत्याराचं नाव टॅप. माझ्याकडे तो घट्ट धरलेला असतो आणि एक फेरा फिरला की बरोबर एक आटा खाली उतरतो. याला रिजिड टॅपिंग म्हणतात. भोक उथळ असेल तर मी एका दमात खाली जाऊन वर येते. पण भोक खोल आणि बुडाशी बंद असेल तर कापलेल्या लोखंडाच्या चिप्स आत दाटतात, टॅप आवळला जातो आणि कट्‌कन तुटतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये टॅपिंगच्या हुकमाच्या, म्हणजे जी ८४ च्या ओळीत क्यू लिहून एका घासाची खोली सांगावी लागते. मग मी थोडं कापते, मागे येते, पुन्हा थोडं कापते, कोंबडीने दाणे टिपावेत तसं.

मागे किती यायचं, हे मात्र त्या ओळीत नसतं. ते माझ्या पोटातल्या एका सेटिंगवर ठरतं. माझा पहिला ऑपरेटर रखमाजी याने ते 'दर घासाला पूर्ण भोकाबाहेर' असं करून ठेवलं होतं. चिप्स कुलंटबरोबर वाहून जायच्या. पुढे रखमाजी काम सोडून तीर्थपुरीला आपल्या शेतीकडे गेला. सगळं सुरळीत चालू होतं, त्यामुळे त्याने काय करून ठेवलं आहे हे कोणी विचारलंच नाही.

त्याच्या जागी प्रीती आली. ती वाटूरची. आयटीआय करून आलेली, पण सुरुवातीला तिला दैवशालाबाईंबरोबर टेबलावर बसून तयार मालाच्या कडा घासायचं काम होतं. मशीनवर बाई आमच्या शेडमध्ये कधी उभी राहिली नव्हती. काकासाहेबांनी तिला माझ्यापाशी उभं केलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. प्रोग्रॅम ती स्वतः लिहायची आणि रोज माझी काच पुसायची. ती काच पुसून काही उपयोग नव्हता, तरी पुसायची.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. काकासाहेबांनी सकाळीच मेन स्विच बंद केला आणि आज बटनाला कोणी हात लावायचा नाही असं बजावलं. माझ्या पडद्यावर बरेच दिवस सेल कमी असल्याची खूण लुकलुकत होती. सणाला जुनं नको, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने जुने सेल काढले, सेलची डबी पुसली, मला हळदकुंकू लावलं, दारावर झेंडूचा हार घातला आणि पूजा आटोपून संध्याकाळी नवे सेल टाकले. प्रीतीचं घर बौद्ध. ती पूजेला पुढे आली नाही, बाजूला उभी राहिली. काकासाहेबांनी तिला कधी आग्रह केला नव्हता.

मित्रांनो, वीज नसते तेव्हा ते सेलच माझी आठवण सांभाळतात. म्हणून सेल बदलायचे ते वीज चालू ठेवून. त्या दिवशी दोन्ही नव्हतं आणि मी सगळं विसरले. सुट्टीनंतर पडदा लाल सूचनांनी भरला. संभाजीनगरहून मेकॅनिक आला, मला बनवणाऱ्या कंपनीकडची मूळ सेटिंगची कॉपी माझ्या पोटात भरून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. रखमाजीचं सेटिंग त्या कॉपीत नव्हतं.

त्यानंतर टॅप तुटायला लागले.

"प्रीती, असं कसं करून राह्यली तू?" काकासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "हात जड हाय तुझा."

"साहेब, प्रोग्रॅम तोच हाय. क्यू बी तेवढाच हाय."

"मंग टॅप काय उगंच तुटून राह्यले? अजून एक तुटला तर टेबलावर बस, पहिल्यासारखं."

रिजिड टॅपिंगमध्ये हात लागतो कुठे? बटन दाबण्यापुरता. पण हे मी कोणाला सांगू? पुढच्याच भोकात टॅप पुन्हा अडकला, मला कळ लागली, तो तुटला. प्रीती हातमोजे काढून दैवशालाबाईंशेजारी जाऊन बसली. दुपारी घरून फोन आला. "हाव पप्पा, मशीनवरच हाय," ती म्हणाली आणि हातातली कानस पुन्हा चालवू लागली. ते ऐकून मला माझीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब स्वतः माझ्यासमोर उभे राहिले. बटन दाबलं. टॅप तुटला.

"टॅपच हलका निघाला," ते म्हणाले.

दैवशालाबाई शेडमधल्या सगळ्यात जुन्या. त्यांना कोणाची भीड नव्हती. "पोरीकडून तुटला तव्हा हात जड, अन् साहेबाकडून तुटला की टॅप हलका व्हय?"

कोणीतरी हसलं. काकासाहेब हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. तेवढ्यात प्रीती उठून आली.

"साहेब, एकदा बिनाजॉबचं, हवेत चालवून बघू का?"

ते बाजूला सरकले. तिने जॉब, म्हणजे कामाचा लोखंडी तुकडा, उतरवला, नवा टॅप लावला, वेग अगदी कमी केला आणि दोघं काचेला डोळे लावून उभे राहिले.

"ह्ये बघा. पहिले टॅप दर घासाला पुरा वर येत व्हता. आता आतल्या आतच जरासा मागं येऊन राह्यला. चिप्सा निघतील कुठून?"

"कधीपासून असं?"

उत्तर प्रीतीला माहीत होतं. पूजेला हात न लावणारी पोरगी पूजेलाच नाव ठेवते, असं कोणी म्हटलं तर काय, ही भीती तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती. गप्प राहिली असती तर टेबल कायमचं तिच्या वाट्याला आलं असतं.

"खंडेनवमीपासून," ती म्हणाली. शेडमध्ये सगळे थांबले. "पूजेनं न्हाई, साहेब. करंट बंद असताना सेल निघाले, त्यानं. मशीन समदं विसरली, अन् भरलेल्या कॉपीत ते मागं यायचं बराबर न्हाई."

काकासाहेबांनी माझ्या दारावरच्या सुकलेल्या हाराकडे पाहिलं. मग मेकॅनिकला फोन लावला. पलीकडून तो म्हणाला की हो, असं सेटिंग असतं, कंपनीच्या कॉपीत जरासंच मागे यायचं असतं. कोणता आकडा बदलायचा तेही त्याने सांगितलं. प्रीतीने तो बदलला, जॉब पुन्हा बांधला आणि दार लावलं. मी थोडं कापलं आणि पूर्ण बाहेर आले. चिप्स वाहून गेल्या. असं करत करत बुडापर्यंत पोचले. तिने बोल्ट फिरवून पाहिला, तो शेवटपर्यंत सरळ गेला.

काकासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सेल म्या काढले व्हते. पोरीची चूक बिलकुल न्हाई. मशीन तिच्याकडंच राहीन."

त्यांना ते सोपं गेलं नाही. पण बोलले.

मित्रांनो, पूजा मला आवडते, खोटं कशाला बोलू? पण माझी काळजी घ्यायची असेल तर मला काय लागतं ते आधी विचारून घ्या. आणि माझ्यासारखं एखादं यंत्र बिघडलं, तर त्याच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला बोल लावण्याआधी दार उघडून यंत्राच्या आत बघा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमचा दोष त्याच्या माथी बसतो. माझी आता थोडीच वर्षं उरली आहेत, एक दिवस भंगारात जाईन, त्याचं मला काही वाटत नाही. प्रीतीचं सगळं आयुष्य अजून जायचं आहे.