केवळाबाईच्या मिरच्यांचा डबा

मित्रांनो, मला आता बूड उरलेले नाही, म्हणून मी कोण ते सांगावेच लागेल. मी पंधरा किलो गोडेतेलाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. निलंगा तालुक्यातल्या एका गावात, बौद्ध वस्तीतल्या शेवटच्या घराच्या कुडाला टेकून मी पडलेला असतो. पावसात गंजतो, उन्हात तापतो. एक कोंबडी माझ्यात अंडी घालते. मला त्याचे बरेही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही.

मला कोणत्या कारखान्यात घडवले ते आठवत नाही. मी चकचकीत होतो आणि माझ्या अंगावर भुईमुगाच्या शेंगांचे चित्र होते, एवढे आठवते. निलंग्याच्या एका किराणा दुकानात माझ्यातले तेल संपले आणि भुजंग नावाच्या माणसाने मला घरी आणले. त्याने माझे तोंड कापले, धारदार कडा ठोकून बोथट केल्या आणि आत आडवी लाकडी दांडी बसवली. मी पाण्याचा डबा झालो. त्याच्या बायकोने, केवळाबाईने, मला राखेने तीनदा घासले. तरी पहिल्या दिवशी पाण्यावर तेलाचे ठिपके तरंगले. त्यांची सहा वर्षांची सुजाता वाकून बघत म्हणाली, "आये, पाण्याला डोळे आलेत!" त्या घरात तेव्हा हसू असे.

मग १९७२ साल आले. पाऊस आलाच नाही. वस्तीचा आड आटला. गावाच्या कडेला किशनरावांच्या विहिरीत तेवढे पाणी होते. केवळाबाई मला घेऊन तिथे जाई. मला जमिनीवर ठेवून ती चार पावले मागे सरे. मग किशनरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पोहरा उंच धरून वरून पाणी ओतत. शिवाशीव होऊ नये म्हणून ही रीत. निम्मे पाणी माझ्या बाजूला सांडे आणि माती ते पिऊन टाकी. माती पीत होती त्याला कोणाची हरकत नव्हती.

पुढच्या सालच्या चैत्रात एके दिवशी लक्ष्मीबाई म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस, केवळा. आमच्या जनावरालाच पुरंना."

"लेकरापुरतं तरी द्या. एक तांब्या."

"न्हाई म्हणलं न्हवं?"

त्याच वेळी त्यांच्या भावकीतल्या दोघीजणी घागरी भरत होत्या. केवळाबाईने ते पाहिले. तिने मला रिकामेच उचलले.

त्यानंतर तिने ओढ्याच्या वाळूत खड्डा खणला. त्यात झिरपणारे पाणी वाटीवाटीने माझ्यात भरायला अर्धा दिवस जाई. पाणी गढूळ होते. ती ते लुगड्याच्या पदराने गाळी. उकळायला सरपण नव्हते. भुजंग दूर खडी फोडायच्या कामावर होता आणि आठवड्यातून एकदा घरी येई.

एका सकाळी सुजाताला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. शेजारच्या नागुबाईने कुठून तरी बैलगाडी मिळवली. निलंग्याच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. तिला वाटेत पाजायला म्हणून मलाही गाडीत ठेवले होते. निम्म्या वाटेवर एका वडाखाली गाडी थांबली. थोड्या वेळाने ती उलटी फिरली.

मित्रांनो, ते पाणी माझ्यातूनच तिच्या पोटात गेले होते. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

केवळाबाई रडली नाही. नागुबाई रोज येऊन म्हणे, "रड गं माय. मोकळी हो." केवळाबाई "हाव" म्हणे आणि रेशनवर मिळालेल्या मिलो ज्वारीच्या दाण्यांतले खडे वेचत राही. ती कामाला जाई, भाकरी थापी, झोपे. पत्र्यावर मारले तर निदान आवाज तरी होतो. तिच्यातून तोही येत नव्हता.

आठ दिवसांनी तिने मला परसात नेले आणि पालथे घातले. खिळा लावून दगडाने ठोकत माझ्या बुडाला सात भोके पाडली. मला वाटले, ती रागावली आहे. पण तिच्या तोंडावर राग नव्हता. तिला फक्त माझ्यातून पुन्हा पाणी आणायचे नव्हते. तिने माझ्यात ओढ्याकाठचा गाळ, शेळीच्या लेंड्यांचा चुरा आणि चिमूटभर राख भरली. मग चुलीवरच्या कोनाड्यातून काजळी धरलेले एक गाठोडे काढले. त्यात तिच्या माहेरच्या, मुखेडकडच्या वाळक्या मिरच्या होत्या. बारीक, करंगळीएवढ्या आणि जहाल. ती एकेक मिरची नखाने चिरून बी काढू लागली. दारात उभ्या नागुबाईला ठसका लागला.

"अगं, हाताची आग होईल! कामून असं करून राहिलीस?"

"कायबी होईना," केवळाबाई आपले हात बघत म्हणाली.

तिने बी नखाएवढ्या खोलीवर पेरले आणि वर ओले पोते झाकले. तोवर वस्तीवर तिसऱ्या दिवशी टँकर येऊ लागला होता. भुजंग आला आणि तिला माझ्यावर बोटांनी पाणी शिंपताना बघून थांबला. पोर गेल्यापासून तोही फारसा बोलत नव्हता.

"प्यायला पाणी न्हाई अन् तू मिरच्या भिजवून राहिलीस?"

"भांडी धुतलेलं हाय."

तो बाहेर गेला आणि बाभळीच्या काट्या आणून त्याने माझ्याभोवती लावल्या. चिमण्यांनी कोंब टिपू नयेत म्हणून.

दहाव्या दिवशी पहिला कोंब मान वाकवून वर आला. मग दाटी झाली. केवळाबाईने दुबळी रोपे उपटली आणि जोमाची ठेवली. ऊन चढले की पोते, उतरले की मोकळी हवा. ती यात एक दिवसही चुकली नाही. पण रोपे बघून ती कधी हसल्याचे मला आठवत नाही.

त्याच सालच्या मृगात पाऊस आला. गावाने जमिनी नांगरल्या. मिरचीचे बी मात्र कोणाकडे राहिले नव्हते. काही कोरड्यात पेरून जळाले होते, उरलेल्या मिरच्या लोकांनी भाकरीबरोबर खाल्ल्या होत्या. साऱ्या गावात रोपे होती ती फक्त माझ्यात.

लक्ष्मीबाई आल्या. अंगणाच्या कडेला उभ्या राहून त्यांनी पदर पसरला. "केवळा, चार रोपं टाक पदरात."

"पदरात न्हाई," केवळाबाई म्हणाली. "हात करा."

"हात?"

"हाव. माझ्या हातातून तुमच्या हातात."

लक्ष्मीबाईंनी मागे वळून रस्त्याकडे बघितले. पदर आवरला आणि त्या निघून गेल्या. नागुबाई घाबरून म्हणाली, "कशाला वैर घेतलंस?" केवळाबाई रोपांमधले तण काढत राहिली.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई परत आल्या. या वेळी त्या अंगणात आत आल्या.

"आमचे हे नको म्हणले," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग आले."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. केवळाबाईने माझ्यातली रोपे मातीच्या गड्ड्यासकट उचलली आणि त्या हातांत ठेवली. ओल्या मातीत चारी हात क्षणभर एकत्र राहिले.

"पोरीचं ऐकलं मी, केवळाबाई. तवाच यायला पायजे होतं."

मी वाट बघत होतो. आता ही बाई ओरडेल, शाप देईल, नाहीतर गळ्यात पडेल. केवळाबाई म्हणाली, "लई खोल लावू नका. खोड मातीत गेलं की सडतंय."

एवढेच. लक्ष्मीबाई हळूहळू चालत गेल्या.

त्या वर्षापासून विहिरीचा पोहरा वस्तीतल्या बायका स्वतःच्या हाताने शेंदू लागल्या. किशनराव कुरकुरले, पण लक्ष्मीबाई रहाटाजवळ उभ्या राहत. माझ्यातली मिरची आसपासच्या चार गावांत गेली. लोक माझे कौतुक करत, या डब्यातले रोप मरत नाही म्हणत. ते काही खरे नव्हते. पुष्कळ रोपे मेली. मागणारे आले की केवळाबाई रोपे देई, नेहमी हातातच, आणि न हसता.

१९८२च्या श्रावणात लातूरचा वेगळा जिल्हा झाला. गावातून ट्रक भरून माणसे गुलाल उधळत गेली. भुजंगही गेला. केवळाबाई घरीच राहिली, कारण त्या दिवशी मिरचीचा पहिला तोडा होता. सायंकाळी भुजंग परतला, लाल होऊन.

"आता आपला जिल्हा लातूर."

"नळ येईल का?" तिने विचारले.

नळ यायला आणखी दोन वर्षे गेली. वस्तीतली तोटी नेमकी माझ्यासमोर बसवली. पहिल्या दिवशी घागरींची रांग लागली. केवळाबाईची पाळी आली. तिने तोटी फिरवली. पाणी स्वच्छ होते. घागर भरली, वाहू लागली, तरी ती हटेना. तिने घागर बाजूला केली आणि दोन्ही हात धारेखाली धरले.

"आये, सरा की!" मागून कोणीतरी ओरडले.

नागुबाईने त्यांना गप्प केले. केवळाबाई तिथेच ओल्या जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडू लागली. अकरा वर्षांनी. "एवढंच लागत होतं गं," ती म्हणत होती, "एवढंच." ती उठेपर्यंत रांगेतले कोणीही पुढे सरकले नाही.

पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. रोपे त्यांत वाढू लागली. माझे बूड गंजून गळून पडले आणि मी कुडापाशी आलो. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या परसात जुना डबा असेल तर तो फेकू नका, त्यात चार बिया लावा. पण त्याहून एक महत्त्वाचे सांगतो. मिरचीचे बी राखेत बांधून ठेवले तर पुढच्या सालापर्यंत टिकते. तहानलेल्याला द्यायचे पाणी तसे ठेवता येत नाही. ते ज्या दिवशी मागितले, त्याच दिवशी द्यावे लागते.