क्रांतीच्या घरचे पाहुणे

उरणजवळच्या आपल्या गावात क्रांतीने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमची प्राप्ती एप्रिलमध्ये स्पेनला फुटबॉल खेळायला जाणार. मोठी निळी बॅगसुद्धा आणून झाली होती. पोरांच्या बाबतीत अशी घाई आपण सगळेच करतो, मंडळी.

आणि निवड झाली ठमीची. कातकरीवाडीवरच्या नामाची पोर, गोलकीपर. ज्यांच्या घरून परदेशी जाणं कधीच व्हायचं नाही, अशाच मुलांना यंदा न्यायचं, असं गावच्या क्रीडा मंडळाने ठरवलं होतं. प्राप्तीच्या बापाचे ट्रेलर बंदरात फिरतात, त्यामुळे ती आपोआप बाहेर राहिली.

क्रांतीचा नुसता जळफळाट झाला. "काल बूट घालायला शिकली, आज चालली विमानात," असं ती मासळी घेताना, कपडे वाळत घालताना, दिसेल त्याला ऐकवत होती.

त्यातच प्रशिक्षक विनिता घरी आली. "क्रांतीताई, नामाचं बिऱ्हाड उद्या वीटभट्टीवर निघतंय. ते आता पावसाच्या तोंडावरच परतणार. ठमी गेली तर सराव बुडेल आणि स्पेनही. तुमचं घर मैदानाला लागून आहे. एप्रिलपर्यंत ठेवून घ्याल तिला?"

"ठेवलं असतं गो, पण आमच्याकडं पाहुणे यायचेत," क्रांती म्हणाली. कोणीही येणार नव्हतं.

विनिता गेल्यावर ओटीवर बसलेले सासरे बाळाजी म्हणाले, "कोन पावनं येतंय गो?"

"कोणी न्हाय, बाबा. पण आपल्या पोरीचा हक्क मारला त्यांनी. ती काय वाईट खेळते?"

"चांगली खेळते. पन मला सांग, बंदरात मिठागर गेलं तवा तुझ्या नवऱ्याला नोकरी कशी लागली? लय हुशार होता म्हनून? मोर्च्यात आमी काय वरडत होतो? ज्याचं गेलं, त्याला आधी. त्याच नोकरीवर पयला ट्रेलर आला. नामाचा बापूस आपल्याच मिठागरात राबायचा. आपल्याला मोबदला मिळाला, त्याचं काम गेलं नि हातात काय बी आलं न्हाय. आज त्याच्या नातीचा नंबर लागला, तर तोच न्याय तुला टोचतो?"

क्रांतीला राग आला. सासऱ्यांचा आला, विनिताचा आला, आणि त्या रागातच तिने भाकऱ्या थापल्या. जेवताना प्राप्ती एवढंच म्हणाली, "ठमी गेली तर मी गोल कुणावर मारायचे, आई?"

सकाळी वाडीवर टेम्पो लागला होता. पातेली, गोधड्या, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर ठमी. प्राप्तीचा प्रश्न डोक्यात घोळवतच क्रांती स्कूटरवरून उतरली, तसा नामा मंडळाने दिलेले हातमोजे घेऊन पुढे आला.

"ताई, हे तेवढं मंडळात द्या. पोरीनं धुवून ठेवलेत."

क्रांतीला भरून आलं. काय करायला निघालो होतो आपण! तिने मोजे घेतले नाहीत.

"ठमी, खाली उतर. माझ्या घरी चल."

नामा गोंधळला. "पन तुमच्याकडं पावनं येनार हायेत ना? विनिताताई सांगत व्हत्या."

"व्हय," क्रांती म्हणाली, "हिलाच न्यायला आलेय."

एप्रिलमध्ये निळी बॅग ठमीबरोबर स्पेनला गेली. निरोप देताना क्रांतीचा पुन्हा थोडा जळफळाट झालाच, खोटं कशाला सांगू? हेवा कुणाला चुकलाय, मंडळी? तो वाटेल तेव्हा वाटू दे. पण जो न्याय आपण स्वतःसाठी भांडून घेतला, तो दुसऱ्याच्या पोराच्या वाट्याला आला, की घराचं दार तेवढं लावून घेऊ नका.