दोघींमधली लायब्ररी

सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं एका कंपनीत घालवून एक क्लास लायब्ररी उभी केली होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना खिडक्या, बटणं, मजकुराच्या चौकटी आयत्या मिळाव्यात, यासाठीचं हे तयार भागांचं भांडार. त्या निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्यांपासून बंदरांपर्यंत कितीतरी ठिकाणचे प्रोग्राम तिच्यावर चालत होते. चालत मात्र एकाच जातीच्या कॉम्प्युटरवर, आणि आतला कोड कंपनीच्या कुलपात.

सून ज्या गटात शिरली, त्यानं नेमकं तेच भांडार नव्यानं बांधायला घेतलं होतं. कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारं आणि सगळ्यांना खुलं. गटाचा नियम कडक होता: मूळ कोड पाहिलेल्या माणसाची यात सावलीसुद्धा पडायला नको. जुनी लायब्ररी बाहेरून चालवून बघायची आणि तशीच वागणारी दुसरी लिहायची. आतली एक ओळ जरी उचलली, तरी कंपनी कोर्टात खेचणार.

"म्हणजे माझ्याशी बोलायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कामाचं तेवढं नाही, आई. बाकी सगळं बोलू की."

"बाकी काय गं आहे आपल्यात बोलण्यासारखं?"

सासूबाईंचा मुलगा हसून म्हणाला, "सासू-सुना भांडून अबोला धरतात. तुम्ही दोघींनी कायद्यानं धरलाय!"

सुनेनं गटप्रमुखाला घरचं नातं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानं विश्वास ठेवला.

ओळीच्या शेवटी मजकूर कुठे तुटावा, हा भाग तिच्या वाट्याला आला. जुनी लायब्ररी कधी अलीकडे तोडायची, कधी पलीकडे. का, ते कळेना. सून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोकं धरून बसायची. समोर मटार सोलणाऱ्या सासूबाईंच्या अगदी ओठांवर उत्तर यायचं. एकदा ती रडकुंडीला आली, तेव्हा "मी जरा पाय मोकळे करून येते," म्हणून त्या भर उन्हात बाहेर पडल्या. सुनेला कोडं सुटलं ते बऱ्याच दिवसांनी, स्वतःचं स्वतःच.

लायब्ररी पूर्ण होत आली. एका रुग्णालयाला ती हवी होती. त्यांच्या वकिलानं आधी चौकशी केली आणि तो अडला: मूळ लिहिणारी बाई आणि ही नवी, एकाच घरात?

गटप्रमुखाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा सासूबाई खुर्ची ओढून सुनेशेजारी बसल्या.

"मी हिला एका अक्षरानंही काही सांगितलेलं नाही."

"आम्हाला खात्री आहे, बाई. पण वकिलाला पटवायचं कसं?"

त्या बोलायला गेल्या आणि थबकल्या. सुनेनं आपलं काही उचललं नाही हे दाखवायचं, तर आपलं काय होतं ते सांगावं लागणार. मग कंपनीला दिलेला गुप्ततेचा शब्द मोडणार, आणि गटाच्या कानांवर जे पडू नये तेच पडणार.

"नाही पटवता येणार," त्या खाली बघत म्हणाल्या.

सून म्हणाली, "माझा भाग काढून टाका."

दुसऱ्या कुणी तरी, तिचा कोड न बघता, तो भाग नव्यानं लिहिला. लायब्ररी बाहेर पडली, रुग्णालयानं घेतली. काम करणाऱ्यांच्या नावांत सुनेचं नाव नव्हतं. ती जेवायला बसायची, हो-नाही एवढंच म्हणायची. टेबलावरचा लॅपटॉप कपाटात गेला.

"मी या घरात नसते, तर—" एका सकाळी सासूबाई म्हणाल्या.

"आई, असलं बोलू नका ना."

"बरं, नाही बोलत. तुझा तो काढलेला भाग आहे का अजून?"

"आता तो कुणाच्या कामाचा?"

"म्हणूनच तर. आता मी वाचला तर कुणाचं काय बिघडतंय? आण."

पदरानं चष्मा पुसून त्या वाचायला बसल्या. सून मागे उभी राहिली, निकाल लागायचा असल्यासारखी. वाचता वाचता एका ठिकाणी त्या थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा वाचलं.

"हे मला सुचलं नसतं गं," त्या हळूच म्हणाल्या.

सुनेचे डोळे भरून आले. तोवर सासूबाईंचं बोट खाली सरकलं होतं. "इथे मात्र चुकलीस. रिकामी ओळ आली की हे कोसळेल."

"शक्यच नाही. मी तपासलंय."

"चालव बघू."

कोसळलं.

"सरक जरा," म्हणत त्यांनी खुर्ची जवळ घेतली. आणि जे कधीच कुणी चालवणार नव्हतं, ते दुरुस्त करायला दोघी बसल्या.