माडाखाली उभी केलेली व्हॅन

मित्रांनो, कुडाळपासून आत, आमच्या वाडीत काजूच्या झाडाखाली जी पांढरी व्हॅन उभी दिसते, ती मी. पांढरी आपली म्हणायची. रंग कधीच उडाला, पत्रा गंजला, आणि पावसाळ्यात माझ्या टपावर शेवाळ धरतं. माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही ती तुम्ही ऐकावी असं मला वाटतं, कारण ती लहान मुलांचीच गोष्ट आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी अशी चकचकीत होते, की शेजारच्या गाड्या माझ्या अंगात तोंड बघायच्या. पहिला मालक कोल्हापूरचा कापडवाला. त्याने सहा वर्षं माझ्यात नुसते गठ्ठे कोंबले आणि एकदाही प्रेमाने हात फिरवला नाही. मग मला गुरुदासने विकत घेतलं. फोंडाघाट उतरताना तो माझ्याशी बोलत होता, "सांभाळून गो बाये, वळण आसा." मला कोणी बाय म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी तेव्हाच त्याची झाले.

वाडीत पोचल्यावर त्याने मला देवळासमोर उभं केलं. झेंडूची माळ, नारळ, सगळं झालं. गावच्या म्हाताऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेत बसतली ती पोरांबाळां सुखरूप ठेव रे म्हाराजा!" आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणाले, "होय म्हाराजा!" मला भरून आलं. गाड्यांनाही भरून येतं, मित्रांनो, फक्त ते कोणाला दिसत नाही.

पुढची आठ वर्षं मी मान मोडून काम केलं. पहाटेच्या गाडीने मुंबईहून उतरणारे चाकरमानी मी कुडाळ स्टेशनवरून घरोघर पोचवले. आंब्याच्या दिवसांत पेट्या वाहिल्या. एकदा अडलेल्या बाईला घेऊन खड्ड्यांतून अशी गेले, की तिच्या नवऱ्याने उतरल्यावर मला हात जोडले. गणपतीत तर सात जणांच्या जागेत तेरा बसत, आणि चौदावा दारात लटकत असे. गुरुदास हसून म्हणायचा, "माझी गाडी रबराची आसा!" मलाही त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटत नाही.

वय झालं तशा माझ्या कुरबुरी सुरू झाल्या. त्यांतली एक नीट ऐका. माझ्या मधल्या सरकत्या दाराचा आतला हँडल तुटला. दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. गॅरेजवाल्या दीपेशने बघितलं आणि सांगितलं, "ह्यो बदलूक होयो." गुरुदास म्हणाला, "फुडल्या महिन्यात." पुढचा महिना आला आणि गेला, तरी तो हेच म्हणत राहिला. माणूस आळशी नव्हता. पण गाडी चालते आहे ना, मग चालू दे, असं आपल्याकडे सगळ्यांचंच असतं. प्रवाशांना उतरवायला तो स्वतः खाली उतरून दार ओढायचा, आणि प्रवाशांना वाटायचं, केवढा अदबशीर ड्रायव्हर!

त्या वर्षी मे महिन्यात घर पोरांनी नुसतं भरून गेलं होतं. गुरुदासची बहीण संचिता तिच्या तीन मुलांना घेऊन डोंबिवलीहून आली होती. त्यांतली धाकटी रिया, चार वर्षांची. स्टेशनवरून घरी आलो, तेव्हा तिने माझ्या बॉनेटला हात लावला आणि ओरडली, "मामा, हिला ताप आलाय!" मग धावत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्यावर ओतलं. अर्धं तिच्याच फ्रॉकवर सांडलं. त्या दिवसापासून ती माझी लाडकी. गुरुदासची मुलगी भक्ती नऊ वर्षांची, मुलगा अनिश अकरा वर्षांचा, आणि बाकी चुलत, मावस, शेजारची अशी सगळी मिळून अकरा पोरं होती.

एका सकाळी वीज गेली. पंखे बंद, मोबाइल बंद, घामाच्या धारा, आणि पोरांची भांडणं. गुरुदास घावणे खाता खाता एकदम उठला. "चला रे पोरांनू, देवबागाक जाऊया! होडयेत बसूया!"

त्याची बायको यशोदा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अवो, अकरा पोरां आसत. गाडी सात जणांची."

"मांडयेर बसतली," गुरुदास म्हणाला. आणि अर्ध्या तासात आम्ही निघालोसुद्धा. कोणी चपला विसरलं, कोणी टॉवेल. पुढे गुरुदास आणि त्याची आई काशीबाई, मध्ये यशोदा, संचिता आणि पोरांचा ढीग, मागे पिशव्या आणि आणखी पोरं. सगळी गात होती. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

निघण्याआधी अनिश दाराशी उभा राहून बोटाने मोजायला लागला. एक, दोन, तीन. काशीबाईने पुढून हात लांब करून त्याचं बोट खाली केलं. "मोजू नको रे! पोरां मोजल्यार दिष्ट लागता." आमच्याकडे हे खूप घरांत पाळतात. गुरं मोजतात, नारळ मोजतात, पण मुलं मोजत नाहीत. म्हातारीच्या मनात मायाच होती. अनिश आत चढला आणि आम्ही निघालो.

तारकर्ली मागे पडली आणि पोरांना समुद्र दिसला तेव्हा जो गलका झाला, त्यात रिया नव्हती. ती सीटच्या मागे, पिशव्यांच्या फटीत, टॉवेलांवर झोपली होती. पहाटे सगळ्यांच्या आधी उठलेली, दमली होती बिचारी. तिच्या अंगावर कोणाची तरी ओढणी सरकून पडली होती.

देवबागला गुरुदासने मला एका माडाच्या सावलीत उभं केलं. होडीवाला किनाऱ्यावरून ओरडत होता, "बेगीन येवा! सुकती लागली काय होडी रुततली!" ओहोटीच्या आधी निघायचं म्हटल्यावर मग काय विचारता! गुरुदासने दार ओढलं आणि पोरं धावत सुटली. पर्स आणि मोबाइल आत होते म्हणून त्याने काचा वर केल्या, दारं लावली, कुलूप घातलं आणि तोही धावला. मागे वळून त्याने बघितलं नाही.

एका होडीत सगळे मावेनात, म्हणून दोन होड्या केल्या. एकीत संचिता आणि काशीबाई, दुसरीत यशोदा आणि गुरुदास. रिया एरवी सदा यशोदाच्या पदराला असायची, म्हणून संचिताला वाटलं ती वहिनीकडे आहे. यशोदाला वाटलं, आज आईजवळ बसली असेल. हे सगळं मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं. भक्तीने मात्र होडीत बसल्यावर विचारलं होतं, "आये, रिया खंय?"

यशोदा म्हणाली, "आत्येकडे आसा त्या होडयेत. गप बस, हलू नको." आणि भक्ती गप्प बसली.

इकडे सावली सरकली, मित्रांनो. माडाची सावली ती केवढी, आणि थांबणार किती? साडेदहा वाजता मी पूर्ण उन्हात होते. माझा पत्रा तापला, काचा तापल्या, आतली हवा घट्ट झाली. रिया जागी झाली. आधी तिने हाक मारली ती मजेत. तिला वाटलं, सगळे लपले आहेत. मग रडली. पिशव्यांवरून चढत मधल्या दारापाशी आली आणि हँडल होता त्या जागी हात लावून ओढत राहिली. "मामा, दार उघड ना. मामा, मी इकडे आहे." मी तिचा शब्द न् शब्द ऐकत होते. माझा भोंगा किल्ली फिरवल्याशिवाय वाजत नव्हता. बाजूने माणसं जात होती, नारळपाणी पीत होती, फोटो काढत होती. माझ्या काचांवर गुरुदासने उन्हासाठी काळा कागद लावला होता. आतलं कोणाला काही दिसलं नाही. तिचा आवाज हळूहळू बारीक झाला, आणि ती दाराला टेकून बसली. माझ्यासारखी अभागी गाडी दुसरी नसेल. मीच तिची भट्टी झाले होते आणि तिची एकुलती साक्षीदारही मीच होते.

होड्या परत आल्या तेव्हा दोघी जणी वाळूवर समोरासमोर आल्या. संचिता म्हणाली, "वहिनी, रिया कुठेय?" यशोदाने विचारलं, "म्हणजे? तुझ्याकडे नाय?"

मग जे झालं ते आठवलं की आजही माझं इंजिन आतून थंड पडतं. सगळे पाण्याकडे धावले. मूल हरवलं की समुद्रकाठच्या माणसाला आधी समुद्रच आठवतो. होडीवाल्यांनी होड्या वळवल्या, गावातली तरणी पोरं पाण्यात उतरली, गुरुदास गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून तिच्या नावाने ओरडत होता. संचिता किनाऱ्यावर धावत होती, पडत होती, पुन्हा धावत होती. चाळीस मिनिटं. त्या सगळ्यांची पाठ माझ्याकडे होती. आणि तेव्हा रिया श्वास घेत होती. हे फक्त मला माहीत आहे, आणि ते मला पेलत नाही.

शेवटी पोलिसांना फोन करायला मोबाइल हवा म्हणून गुरुदास माझ्याकडे आला. ओल्या हाताने त्याने दार ओढलं. ती दाराला टेकून होती, ती सरळ त्याच्या हातात आली.

देवबाग ते मालवण मी आयुष्यात कधी धावले नाही तशी धावले. मागे संचिता तिला मांडीवर घेऊन वारा घालत होती, पाणी लावत होती, "डोळे उघड गं, बाळा" म्हणत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तासाभराने बाहेर येऊन त्यांनी नुसती मान हलवली.

संचिता तेराव्यानंतर गेली, ती पुन्हा माहेरी आली नाही. जाताना भावाशी एक शब्द बोलली नाही. काशीबाई पडवीत बसून येईल त्याला सांगायची, "मोजू नको म्हणून मीच म्हटलंय, मीच." गुरुदासने मला काजूखाली उभं केलं आणि माझ्याकडे बघणं सोडलं. पोलिसांनी विचारलं तेवढंच तो बोलला होता. गावात कोणी विषय काढला, की उठून जायचा. माझ्या चाकांतली हवा गेली, उंदरांनी सीट कुरतडल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी त्याच लायकीची आहे असं मला वाटत होतं.

दोन वर्षांनी जामसंड्याचा सुशांत नावाचा एक माणूस मला विकत घ्यायला आला. बरोबर त्याची पाच वर्षांची मुलगी होती. त्याने मला ठोकून बघितलं, सरकतं दार उघडलं, आणि मुलगी टुणकन आत चढून बसली. सुशांत म्हणाला, "गाडी बरी आसा. ह्यो हँडल तेवढो नवो घातलो काय झाला."

गुरुदास पडवीतून उठून तीरासारखा आला. त्याने आधी त्या मुलीला उचलून खाली ठेवलं.

"गाडी इकाची नाय," तो म्हणाला.

"पण कालच तर फोनवर तुम्ही..."

"ह्या गाडयेत माझी भाची गेली. दार मी लायलंय. कुलूप मी घातलंय. मागे बघूक नाय." त्या दोन वर्षांत घरच्यांसमोर पहिल्यांदाच तो हे तोंडाने बोलला. ऐकायला यशोदा होती, अनिश होता, भक्ती होती, आणि एक परका माणूस होता. सुशांतने आपल्या मुलीला कडेवर घेतलं आणि तो निघून गेला.

त्यानंतर गुरुदासने पाने आणि हातोडी आणली. भर उन्हात बसून त्याने माझं एकेक दार सोडवलं. पुढची दोन, मधलं सरकतं, मागचं वर उघडणारं. गंजलेले बोल्ट निघेनात, तेव्हा हातोडीने तोडले. त्याच्या बोटांतून रक्त आलं, पण तो थांबला नाही. आता माझ्यात कोंबड्या बसतात, वारा आरपार जातो, आणि मला कोणी बंद करू शकत नाही. दारं काढली तेव्हा तो मला म्हणाला, "बाये, आता बरा." मग माझ्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, भक्तीने त्या दिवशी विचारलं होतं. तिची काही चूक नव्हती. नऊ वर्षांच्या मुलीला गप्प बस म्हटलं तर ती गप्प बसणारच. पण तुम्ही गाडीतून उतराल तेव्हा मागच्या सीटवर बघा. बरोबरचं कोणी दिसत नसेल तर विचारा, आणि मोठी माणसं घाईत असली, रागावली, तरी पुन्हा विचारा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.