हिब्रू क्लबचे धनगर

सोलापूर हिब्रू फुटबॉल क्लब एकतीस साली स्थापन झाला, तेव्हा क्लबाकडे अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते, खजिनदार होते, चिटणीस होते आणि एक आश्रयदातेही होते. चेंडू नव्हता. तो पुढच्या महिन्यात आला, आणि तोही चिटणिसाने पदरमोड करून आणला म्हणून.

हा चिटणीस म्हणजे दानियल झिराडकर, गिरणीच्या विणाई खात्यातला हजेरी कारकून. मूळ गाव कोकणात, जन्म ठाण्यात, पोट सोलापुरात. शहरात त्याच्या समाजाची, म्हणजे इस्राएल लोकांची, कोकणातल्या यहुद्यांची, घरं बोटांवर मोजण्याइतकी. हे लोक नेमके कोण, याचा सोलापूरला पत्ता नव्हता. कुणी त्यांना पारशी समजे, कुणी ख्रिस्ती. शनिवारी झिराडकरांची चूल पेटलेली दिसली नाही की शेजारच्या सारजाबाई मारुतीचा उपास समजून साबुदाणा पाठवू का विचारीत. गिरणी शनिवारी चालू असे, त्यामुळे दानियल स्वतः शनिवारच्या विसाव्याचा शब्बाथ पाळी तो हजेरीच्या टेबलावर, मनातल्या मनात.

फुटबॉलचं खूळ त्याच्या डोक्यात भरलं मुंबईच्या मावसभावाने. पॅलेस्टाइनमध्ये तेल अवीव नावाचं शहर वाळूत उभं राहिलंय, तिथे दुकानदार यहुदी, पोलिस यहुदी, आणि यहुद्यांचे फुटबॉल क्लब गोऱ्या शिपायांच्या टीमला हरवतात, असं त्याने सांगितलं. मावसभाऊ तेल अवीवला गेलेला नव्हता, पण त्यामुळे सांगण्यात कमतरता आली नाही. दानियलने आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. तरी त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. सोलापुरातला मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं होतं, आणि दहाबारा माणसं एकत्र धावताना दिसली की पोलिस अजून मान वळवून बघत. क्लब काढायला याहून गैरसोयीची वेळ सापडली नसती. त्याने काढला.

समाजातले सगळे पुरुष कमिटीवर गेल्यामुळे खेळायला कुणी उरलं नाही. अध्यक्ष रहामीम मास्तर यांचा गुडघा धरलेला, खजिनदारांना दमा, आणि आश्रयदाते बसल्याशिवाय विचार करू शकत नसत. तेव्हा दानियलने टीम गिरणीच्या आवारातून उचलली. तिथे मंगळवेढ्याकडचे काही धनगर कापसाच्या गाठी ओढायला होते. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून ते शहरात आलेले, आणि जेवणाच्या सुट्टीत चिंध्यांचा गोळा लाथाडत बसत. त्यांच्यातला बिरप्पा कुणाच्याही पायातला चेंडू असा काढून घेई, की जणू कळपातून फुटलेलं कोकरू वळवतोय. त्याच्या जोडीला धुळा, येडू आणि त्यांचेच भाऊबंद. हिब्रू क्लब अकराच्या अकरा धनगरांचा झाला. तीन वर्षं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण तीन वर्षं कुणी विचारलंच नाही.

मग मुंबईहून निरोप आला. तेल अवीवला जगभरच्या यहुदी खेळाडूंचे सामने व्हायचे होते. मुंबईची यहुदी क्रीडा समिती ज्या क्लबाला मान्यता देईल, त्या क्लबाचा एक माणूस बोटीने तिकडे जाणार होता. अट एकच: क्लब यहुद्यांचा हवा. पाहणीला हेस्केल साहेब येणार होते. हे बगदादी यहुदी, कापसाचे मोठे व्यापारी.

तो एक माणूस कोण, याबद्दल दानियलच्या मनात शंका नव्हती. क्लब त्याने काढला, चेंडू त्याने आणला, फुटलेला त्यानेच शिवून घेतला. त्याने बोटीवर लागेल म्हणून कांबळं उन्हात घातलं, आणि मुलांच्या नकाशात सोलापूर ते तेल अवीव बोट इतक्यांदा फिरवलं की अरबी समुद्र तेलकट झाला. बायकोला, सेगुलाबाईला, त्याने तिकडची माती आणायचं कबूल केलं.

"माती आणा," ती म्हणाली, "पण आधी त्या धनगरांचं काय करणार ते सांगा."

त्याचा निकाल कमिटीने लावला. रहामीम मास्तर चाळीस मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवीत. त्यांनीच सुचवलं की खोटं बोलण्याचा प्रश्नच येत नाही, दोन दिवसांपुरती नावं बदलायची एवढंच. त्याप्रमाणे बिरप्पाचा बारूख झाला, धुळाचा दाविद, येडूचा यहुदा. उरलेल्यांना मास्तरांनी संदेष्ट्यांच्या यादीतून ओळीने नावं वाटली. धनगरांनी कुरकुर केली नाही. गिरणीने त्यांना नंबर दिले होते, त्यापेक्षा हे बरं.

मग त्यांना शेमा शिकवायचा होता. इस्राएल माणसाला दुसरं काही आलं नाही तरी शेमाची प्रार्थना यावी लागते. दानियलला वाटलं, महिना जाईल. पण ही माणसं ओव्यांवर वाढलेली. बिरोबाच्या देवळापुढे रात्र सरेपर्यंत गाणाऱ्यांना चार ओळींचं काय. एका संध्याकाळी त्यांनी शब्द पाठ केले. चाल मात्र दानियलने लावून दिलेली काही केल्या जिभेवर बसेना. धुळा म्हणाला, "अण्णा, शबुद तुमचं ऱ्हाऊ द्या, चाल आमची घेतो. न्हायतर विसरंल की."

हेस्केल साहेब शुक्रवारी उतरले आणि शब्बाथ म्हणून शनिवारभर डाक बंगल्यात बसून राहिले. गोरे, उंच, पांढऱ्या सुटातले गृहस्थ. इंग्रजी बोलत आणि मोडकी हिंदुस्थानी. कोकणातल्या इस्राएल लोकांना बगदादी मंडळी पुरते यहुदी मानीत नाहीत, हे दानियलला माहीत होतं. मुंबईत त्याचा चुलता एका सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला मागच्या बाकावर बसवला गेला होता, आणि मरेपर्यंत ते सांगत होता. म्हणून दानियलने साहेबाला आपलं यहुदीपण सज्जड दाखवून द्यायचं ठरवलं. शनिवारी दिवस मावळल्यावर त्याने घरी मलिदा केला.

मलिदा म्हणजे इस्राएल लोकांचा एलियाहू संदेष्ट्याला केलेला नवस. यापरता पवित्र विधी त्यांच्याकडे नाही. आणि कोकणाबाहेरच्या यहुद्यांनी तो कधी ऐकलेलाही नाही, हे उत्साहाच्या भरात दानियलच्या ध्यानात आलं नाही. सेगुलाबाईने पोहे भिजवले, नारळ खोवला, साखर-वेलची कालवली, ताटात रास रचली, वर केळी, खजूर, गुलाब आणि वासाला सब्जा. ओसरीत सतरंजीवर कमिटी, समोर अकरा संदेष्टे फेटे बांधून. साहेबाला खुर्ची.

साहेबाने ताटाकडे बघितलं. मग दानियलकडे.

"हे काय?"

दानियलने अभिमानाने सांगितलं. नवस, पोहे, एलियाहू.

"मुंबईत माझा माळी असंच करतो," साहेब म्हणाले. "गणपतीपुढे."

रहामीम मास्तर खोकले. दानियलने घाईने स्तवन सुरू केलं, ठाण्याला आजोबांकडून शिकलेलं, एकही शब्द न चुकता. साहेब घड्याळाच्या साखळीशी खेळत राहिले. मलिद्याचा घास त्यांनी हातात घेतला आणि रुमालात ठेवला.

मग शेमाची पाळी आली. धुळाने कानावर हात ठेवला आणि बिरोबाच्या चालीवर इस्राएलच्या देवाला हाक घातली. मागून दहा जणांनी ती उचलून धरली. ओसरीचे पत्रे थरथरले, सारजाबाई गोंधळ आहे समजून मुलांना घेऊन दारात आल्या, आणि हेस्केल साहेबांच्या हातातली साखळी थांबली. त्यांचे डोळे भरून आले होते.

ही चाल बगदादला नाही, येमेनला नाही, असं ते म्हणाले. ही त्याहून जुनी, यहुद्यांचं मूळ मंदिर उभं होतं तेव्हाची असली पाहिजे. मग त्यांनी चौकशी केली: या लोकांचा परंपरागत धंदा काय?

"मेंढरं," बिरप्पाने स्वतःच उत्तर दिलं. हिंदुस्थानी त्याला गिरणीत राहून कळत होती. "आजा-पंजापासनं."

साहेब उठले आणि त्यांनी बिरप्पाचा हात दोन्ही हातांत धरला. अब्राहामाची माणसं मेंढपाळ होती, राजा दाविद मेंढपाळ होता, हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि त्याचं मराठी दानियलला करावं लागलं. हजेरी कारकुनीबद्दल शास्त्रात काही आढळत नाही, हे साहेब बोलले नाहीत, पण दानियलला ऐकू आलं.

रात्री सेगुलाबाईने उरलेला मलिदा सारजाबाईंकडे पाठवला. "निदान त्यांना तरी गोड लागेल," एवढंच ती म्हणाली.

रविवारी रेल्वेच्या टीमशी सामना झाला. बिरप्पाने दोन गोल मारले, अनवाणी. रेल्वेच्या फुलबॅकने त्याच्या पायावर बूट दिला, तेव्हा तो उठला, माती झटकली आणि तिसरा मारला. साहेब पूर्ण वेळ उभे होते. सामना सुटल्यावर त्यांनी कमिटीला आणि टीमला शामियान्यात बोलावलं.

क्लबाला मान्यता मिळाली, असं त्यांनी जाहीर केलं. कमिटीने टाळ्या वाजवल्या. तेल अवीवला बारूख जाईल. कमिटीने पुन्हा वाजवल्या, मग एकेकाने थांबवल्या आणि दानियलकडे बघितलं.

"आणि मी?" दानियलने विचारलं.

साहेब समजुतीने बोलले. झिराडकरांच्या समाजाबद्दल थोरामोठ्यांत मतभेद आहेत. वंश, लग्नव्यवहार, आणि कालचे ते पोहे. यावर बगदादच्या धर्मगुरूंचं मत मागवावं लागेल, आणि बगदाद घाईने मत देत नाही. बारूखचं तसं नाही. त्याच्याकडे बघताच कळतं. फक्त त्याच्या यहुदीपणाला गावातल्या एका माणसाची साक्ष पाहिजे, आणि ती चिटणीस म्हणून झिराडकरांनी द्यावी. "तुमची साक्ष मला पुरेल," साहेब म्हणाले.

दानियलला ते समजायला थोडा वेळ लागला. बिरप्पा यहुदी आहे हे सांगण्याइतका तो यहुदी होता. स्वतः यहुदी असण्याइतका नव्हता.

रहामीम मास्तरांनी मागून त्याचा कोट ओढला. हो म्हणा, मान्यता तर मिळते, क्लबाचं नाव होतं, असं ते कुजबुजले. दानियल हो म्हणाला असता तर क्लबाची मान्यता टिकली असती. कांबळं मात्र वाळत राहिलं असतं.

"हा मंगळवेढ्याचा धनगर आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "हे अकराही धनगर आहेत. कालची चाल बिरोबाच्या देवळातली. या शामियान्यात यहुदी म्हणाल तर मी आहे, आणि हे सगळे टाळ्या वाजवणारे."

साहेबांनी दुःखाने मान हलवली. मत्सर त्यांनी व्यापारात पुष्कळ पाहिला होता. ते बिरप्पाकडे वळले आणि मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, हे खरं का?

बिरप्पाने फेटा काढून घाम पुसला. बोट, समुद्र, साहेबाचा हात, सगळं त्याच्यापुढे होतं, आणि नाही म्हटलं तर गिरणीतल्या गाठी होत्या.

"व्हय साहेब, खरं हाय," तो म्हणाला. "आमी बिरोबाचं. ह्यो दानेल अण्णाच तुमच्यातला. शनवारी बीडी वडत न्हाय, डुकराचं नाव काडत न्हाय, आन् आमाला शबुद शिकवताना एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर पुन्ना पयल्यापासनं म्हनाया लावतो. असला माणूस तुमच्यात घेत न्हाय, मग तुमी घेता कुणाला?"

हेस्केल साहेबांनी टांगा मागवला. जाता जाता त्यांनी रहामीम मास्तरांना विचारलं की मंगळवेढ्याकडे अशी माणसं आणखी किती आहेत. आपण यहुदी आहोत याचा ज्यांना विसर पडलाय अशा वंशांबद्दल त्यांनी वाचलं होतं, आणि इतक्या ठामपणे नाही म्हणणारा माणूस त्यांना संशयास्पद वाटला होता.

मान्यता मुंबईला पोचेपर्यंत रद्द झाली. त्याच आठवड्यात कमिटीची तातडीची सभा भरली. समाजाची बदनामी केल्याबद्दल, म्हणजे समाजाबाहेरच्या माणसासमोर खरं बोलल्याबद्दल, दानियल झिराडकर यांना चिटणीसपदावरून दूर करण्यात आलं. ठराव एकमताने झाला. दानियलने आपल्या विरोधात हात वर केला नाही, पण खालीही ठेवला नाही, दोन्ही हातांत चेंडू होता. तो चेंडू घेऊन उठून गेला. चेंडूबद्दल कमिटीत पुढे दोन सभा चर्चा झाली, कारण त्याच्याशिवाय क्लबाची दुसरी मालमत्ता नव्हती.

सोलापूर हिब्रू फुटबॉल क्लब त्यानंतरही चालला. नवे चिटणीस निवडले गेले, तिसरं उपाध्यक्षपद निर्माण झालं, वार्षिक सभा चहासह होत राहिली. खेळाडू नव्हते. कामकाजात त्यामुळे कोणताही अडथळा आला नाही.

धनगरांच्या टीमला नाव उरलं नाही. ते दर रविवारी गिरणीमागच्या माळावर खेळत, आणि दानियल कडेला उभा राहून चेंडू बाहेर गेला की हात वर करी. शब्बाथ तो आता मनात पाळीत नसे. शनिवारची बिनपगारी रजा त्याने मागून घेतली होती. त्यापायी सेगुलाबाईने दूध कमी केलं.

एप्रिल सरता सरता मुंबईचा पेपर आला. तेल अवीवच्या सामन्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत होती. दानियलने ती माळावर मोठ्याने वाचली, मराठी करून. किती देश आले, किती हजार लोक बघायला होते, समुद्राकाठी कशी मिरवणूक निघाली. शेवटची ओळ वाचताना त्याचा आवाज थोडा घसरला, म्हणून त्याने ती पुन्हा वाचली.

बिरप्पाने सगळं ऐकून घेतलं. "गोलावर कोन हुता त्यांच्या?"

"ते छापलेलं नाही."

"मग हितं काय कळनार," बिरप्पा म्हणाला. "तुमी तितं असता तर लिवून आनलं असतं."

दानियलने पेपरची घडी घातली आणि धुळा वेळेवर का आला नाही ते विचारलं.