नेदरलँडमधली गुढी

“प्रितेश, ह्यात तर मी अजून नेदरलँडमध्येच दिसतेय. मग त्याला करंजाडे कळलं कसं?”

उज्वलाने मोबाइल दुकानाच्या काउंटरवर आपटलाच. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने तिच्या हातावर उकळतं तेल ओतलं, तेव्हा लेकीला कडेवर घेऊन ती साताऱ्याकडचं घर सोडून निघाली, ती थेट पनवेलजवळच्या करंजाडेत. इथे एका दवाखान्यात आया म्हणून लागली. आईशी बोलल्यावाचून मात्र राहवेना. मग मोबाइल दुरुस्त करणाऱ्या प्रितेशने तिला फुकटातलं व्हीपीएन टाकून दिलं; ते चालू केलं की तिचा फोन नेदरलँडमध्ये असल्यासारखा दिसायचा. “हे चालू ठेवा ताई, तुमी कुठे आहात ते कोणाच्या बापाला कळणार नाय.” तेवढ्यावर बिचारी निर्धास्त झाली. आधी व्हीपीएन, मगच आईला व्हिडिओ कॉल. राहते कुठे, ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

“आज काय पाठवलंत आईंना?”

“गुढीचा फोटो. माझ्या स्वतःच्या घरची पहिली गुढी रे.”

गुढी काही घरात लपवून उभारत नाहीत. ती खिडकीबाहेर होती, साडी, कडुलिंब, गाठी, सगळं साग्रसंगीत. मागे समोरच्या बिल्डिंगवर हातभर अक्षरांत सोसायटीचं नाव होतं आणि खाली करंजाडे.

प्रितेशचा चेहरा उतरला. “ताई, व्हीपीएन फक्त नेटचा पत्ता झाकतं. फोटोत दिसतंय ते कसं झाकणार?”

तिकडे आई, बाळाबाई, हरखून गेली होती. शेजारच्या पोरीकडून तिने फोटो स्टेटसला लावून घेतला. मोबाइलमधून जावयाचा नंबर कुणी काढलाच नव्हता. तासाभरात तो दारात आला, “करंजाडे व्हय?” म्हणून हसला आणि एसटी धरायला गेला. म्हातारीनेच रडत लेकीला हे कळवलं होतं.

घरी येऊन उज्वलाने कपडे भरले. सूर्यास्ताची वाट न बघता गुढी उतरवली. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला.

“निघालीस का?”

“निघते. पोचले की फोन करते, आये.”

“नगं.” बाळाबाईने पदराने तोंड पुसलं. “आता करूच नगंस. माज्या हातनं पुन्यांदा काय व्हईल, मलाच भरवसा न्हाई.”

“असं नको ना म्हणू.”

“रुतीला दाव एकदा.”

उज्वलाने मोबाइल लेकीसमोर धरला. आजीने मोबाइल अगदी डोळ्यांजवळ नेला.

“आजी, उद्या करशील ना फोन?”

“जेवलीस का गं माजी बाय?” बाळाबाईने विचारलं, आणि रुतिका श्रीखंडाचं सांगत असतानाच तिकडून फोन बंद झाला.