औषध सोडायला सांगणारा पोपट

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल रविवारी सकाळी असा भरायचा, की उशिरा येणाऱ्यांना जिन्यातच बसावं लागे. खुर्च्यांवर म्हातारे, सतरंजीवर बायका, खिडक्यांत तरुण पोरं, आणि सगळ्यांचे डोळे स्टेजवरच्या पिंजऱ्याकडे. आत एक राखाडी पोपट. त्याच्या अंगात मेलेली माणसं येतात असं पोपटबाबा सांगायचे आणि लोकांना ते पटायचं, कारण पोपट खरोखर बोलायचा, तोही थकलेल्या म्हातारीच्या घोगऱ्या आवाजात.

"पक्ष्याला मन नसतं, मंडळी! म्हणजे रिकामं घर! आत्मा थेट आत! भाडं नाही, डिपॉझिट नाही!" बाबा माइकवर गरजायचे. लोक आधी हसायचे, मग डोळे पुसायचे.

पिंजऱ्यामागे फडकं घेऊन उभ्या असलेल्या सेविकेला ना हसू यायचं, ना रडू. ती मूळची बालवाडीची बाई. तिच्या ताईनं वारलेल्या आईला याच हॉलमध्ये विचारलं होतं, "इन्सुलिन अजून किती टोचून घेऊ गं?" पोपट म्हणाला होता, "बाळा, औषध सोड. मी आहे ना." ताईनं सोडलं. बाई तिच्या अक्षरशः पाया पडली, तर ताई म्हणाली, "आईपेक्षा तू शहाणी का?" महिन्याच्या आत ताई गेली. तिचे कपडे आवरताना बाईनं ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही. आणि शाळेला सुट्टी लागताच ती बाबांकडे बिनपगारी सेवेला हजर झाली.

बिंग कळायला वेळ लागला नाही. बाबांनी हनुवटी खाजवली की पोपट म्हणणार, "बाळा, मी सुखात आहे." अंगठीनं पितळी वाटी वाजवली की, "बाळा, औषध सोड." प्रत्येक वाक्याला बाबांच्या बाहीतून सूर्यफुलाची एक बी. आवाज बाबांच्या सासूबाईंचा. मागच्या खोलीत बसून त्या पोपटाचे पाठ घ्यायच्या. हॉलमधल्या कुणाच्याच आईचा तो आवाज नव्हता, म्हणून कुणाच्याही आईचा वाटायचा. जे कमी पडे ते दुःखी माणूस स्वतःच भरून घेई.

पण रिकामं घर? छे! पिंजऱ्याची कडी तो पोपट चोचीनं उघडायचा, बाईची पावलं ओळखून शीळ घालायचा आणि बाबांना संधी मिळेल तेव्हा चावायचा. भूक, राग, लबाडी, सगळं त्याच्यापाशी होतं. आपण बोललो की काय मिळतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बोललेल्याचा अर्थ काय आणि त्यानं कोण मरतं, हे मात्र ठाऊक नव्हतं. बालवाडीतली पोरंही आधी अशीच कविता म्हणतात. पण एक दिवस एखादी पोर मध्येच थांबते आणि विचारते, "बाई, म्हणजे काय?" पोपटानं तसं कधीच विचारलं नाही.

बाईनं पाढे घटवून घ्यावेत तसं त्याच्याकडून एक नवं वाक्य घटवून घेतलं. मग त्याला वाटीच्या आवाजाची जोड दिली. बक्षीस म्हणून अक्रोड! सूर्यफुलाची बी तो विसरूनच गेला.

त्या रविवारी एका आजोबांनी विचारलं, "आई, छातीच्या गोळ्या चालू ठेवू का?" बाबांनी वाटी वाजवली.

"यांनीच मला मारलं," पोपट म्हणाला.

बाबांनी घाबरून पुन्हा वाटी वाजवली, आणखी जोरात.

"यांनीच मला मारलं! यांनीच मला मारलं!" पोपट अक्रोडाच्या आशेनं ओरडत सुटला.

"आत्मा बोलला!" कुणीतरी किंचाळलं आणि माणसं स्टेजवर चढली. पहिली थप्पड बसली, माइक पडला, बाबा पिंजऱ्याआड दडले. बाई फडकं धरून बघत राहिली. तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात एक सासू आपल्या विधवा सुनेला दंडाला धरून ओढत पुढे आली. "आता हिचं विचारा! माझा मुलगा आजारानं नाही गेला, हिनंच त्याला खाल्लं!" तिनं वाटी उचलली. सून पांढरीफटक पडली. मघाशी बाबांवर चढलेली माणसं आता तिच्याकडे वळली होती.

बाईनं झडप घालून वाटी हिसकावली.

"थांबा! हे वाक्य मी शिकवलंय. वाटी कुणापुढेही वाजवा, तो हेच बोलेल."

"म्हणजे बाबा खरे?" मागून आवाज आला.

"मावशी, जरा हनुवटी खाजवा," बाई सासूला म्हणाली. सासूनं गोंधळून खाजवली.

"बाळा, मी सुखात आहे," पोपट म्हणाला.

"आता सांगा, तुमच्या हनुवटीत कुणाचा आत्मा आहे?"

सासूच्या हातातून सुनेचा दंड सुटला. बाईनं बाबांच्या बाहीला हिसडा दिला, तशा सूर्यफुलाच्या बिया स्टेजभर सांडल्या. पोपट त्यांच्याकडे बघून मान वेळावू लागला.

बाबांनी हात जोडले. "पण मी कुणाला औषध सोड म्हटलंय का? बोलला तो पोपट!"

"त्याला औषध म्हणजे काय ते माहीत नव्हतं," बाई म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं. माझ्या ताईचा चेहरा बघत तुम्ही वाटी वाजवलीत. गुन्हा करायला मन लागतं बाबा, आणि ते पिंजऱ्याबाहेर होतं."

मग तिनं माइक उचलला. "आईचा आवाज ऐकू आला की आपण विचार करायचं सोडतो, हे या बाबांना कळलं होतं. पोपटाला नाही, पण तुम्हाला प्रश्न विचारता येतात. ते डॉक्टरांना विचारा, मला विचारा, कुणालाही विचारा, पण विचारा. ज्यांच्या घरी औषध बंद झालंय, त्यांनी आत्ताच्या आत्ता आपल्या माणसाला दवाखान्यात न्या. आणि ज्यांच्या घरी ते माणूसच उरलं नाही, त्यांनी माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात चला."

मग दाराशी बसलेला एक शिंपी उठला. त्याच्यामागे दोघी बहिणी उठल्या, मग खिडकीतला एक मुलगा. बाबा मोजत असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते. माणसं उठतच राहिली.